तुला हवी ती पाठव

चिंचपोकळी,
१८ जानेवारी २०२५

प्रिय नूपुर,

कशी आहेस? आम्ही बरे आहोत. थंडीने आईचा गुडघा कुरकुरतोय, तेवढंच. शाळेत स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवून घेतेय, पोरं एकमेकांनाच जास्त रंगवतायत. कागदावर लिहिलंय म्हणून हसू नकोस. फोनवर मी पुन्हा तुझं अभिनंदन करून मोकळी झाले असते.

तू मांडलेलं अँड्रियाचं प्रदर्शन सुंदर झालंय. खरंच. तिच्या वडिलांचे गोदीतल्या कामाचे निळे बॉयलर सूट, त्यांच्यावर तिने घातलेले टाके, आणि शेवटच्या खोलीत एकच सूट, एकटा. तिथून कोणी लवकर हलत नव्हतं. ती खोली अँड्रियाची नाही, तुझी आहे, हे मला कळलं.

आईने विचारलं, "क्युरेटर म्हणजे काय गो? चित्रां टांगता ती?"
म्हटलं, "कोणाचं काम दाखवायचं, कशाशेजारी काय ठेवायचं, काय दाखवायचंच नाही, ते ठरवते."
"म्हणजे सगळा तीच ठरवता!"

मी हसले. पण ते खरंच आहे ना? तू माझगावला रविवार-रविवार जात होतीस, हे मला दुसऱ्यांकडून कळायचं. अँड्रियाकडे जेवलीस, अँड्रियाच्या खोलीत दुपारभर नुसती बसून राहिलीस. आमच्याकडे शेवटची कधी आलीस, आठवतंय? कॉलेजात मी चित्र काढताना तू माझ्या मागे स्टूल टाकून बसायचीस. तू बघतेयस म्हणून माझा हात चालायचा. तू स्वतः चित्रं काढणं सोडलंस तेव्हा सगळे हळहळले. मला मात्र आतून बरं वाटलं होतं. वाटलं, आता ही फक्त माझंच काम बघेल.

उद्घाटनाला अँड्रियाने मला मिठीच मारली. तिच्यावर धड चिडताही येत नाही. म्हणाली, "अगं, तुझ्या मैत्रिणीने मला किती रडवलंय! हे काढ, ते उसव. अर्धं काम काढून टाकायला लावलं. डॅडी बोलले, हिला परत घरात घेऊ नको. तुला पण असंच करते काय?"

मी म्हटलं, "हो तर! माझीही कितीतरी चित्रं काढून टाकायला लावलीत."
"कुठली?"

नूपुर, मला एकाही चित्राचं नाव सुचलं नाही. सरबत आणते म्हणून निघाले ती थेट घरी आले. तू मला शोधत होतीस म्हणे.

तू मला कधीच काही काढून टाकायला लावलं नाहीस. इतक्या वर्षांत 'छान' म्हणालीस, 'मस्त' म्हणालीस, चहा प्यायलीस आणि गेलीस. मी त्याला मैत्री समजत होते. आता वाटतं, भांडावं असं तुला माझ्या चित्रांत काही दिसलंच नसेल. तिचं कौतुक झालं ते मी सोसलं असतं गं. तिला तू रडवलंस, ते सोसवत नाही.

मार्चमध्ये तू मांडणार आहेस त्या प्रदर्शनासाठी तुझा निरोप आला, 'तुला हवी ती दोन-तीन पाठव.' दोन दिवस आनंदात होते. मग तीच ओळ टोचायला लागली. मला हवी ती? मग तू कशाला?

तेव्हा मी काहीही पाठवत नाहीये. सगळी चित्रं भिंतीला टेकवून ठेवली आहेत, आई वाट काढत चालते. तू ये. दुपारभर बस. जे वाईट असेल ते माझ्या तोंडावर सांग. एकही घेण्यासारखं नसेल तर तेही सांग, मी रडेन, आई तुला शिव्या घालेल, पण तू नीट बघ.

मैत्रीखातर मात्र एकही नेऊ नकोस.

तुझ्या रागाला अजून पात्र असेन, या आशेवरची,
रुपाली