कांद्याचा पापुद्रा

मिरजगाव, १२ जानेवारी १९७१

मॅट्रिकनंतर कुसुमला नगरला सायन्सला धाडायला हिचा ठाम नकार. माझी सगळी व्याख्यानं वाया गेलेली. आज शाळेच्या प्रदर्शनात पोरीनं आईला सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा दाखवला.

"ह्या विटा कुणी रचल्या गं?"

"कुणी न्हाई. पेशी हायेत त्या. पेशीतनंच पेशी होत्यात. तुझ्यात, माझ्यात, समद्यांत."

"ह्यांच्यात बी? मला वाटलं, नुसती जीभच हाय."

रोज बुक्कीनं कांदा फोडणारी ही आज जेवताना पापुद्रा अलगद सोलून कंदिलासमोर धरून बसली. भाकरी गार. मग म्हणाली, "नगरच्या वसतिगृहात भाकरी देत्यात का वो?"

चौकशी करतो म्हणालो. एवढंच. आणखी एक वाक्य बोललो असतो, तर जमलेलं मोडलं असतं.