दाराच्या आतले पोचे

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून लिहितो. गॅरेज विकल्यापासून घरात माशा मारत बसलो होतो, तो आता तुझ्या पाणबुडीवर कामाला लागलोय. हो, तुझ्याच. इतकी वर्षं गोदीच्या कोपऱ्यात गंजत पडली होती. आता तिचं संग्रहालय होणार, आणि आम्ही बारा हौशी म्हातारे तिचा गंज खरवडतो. पगार नाही, दोनदा चहा मिळतो. एक निवृत्त मुख्याध्यापिका आमच्या प्रमुख आहेत. त्या रोज हजेरी घेतात आणि उशीर झाला तर कारण विचारतात. एक शिंपी आहे, तो झोपायच्या फळ्यांच्या गाद्या शिवतो आणि दिवसभर पाठ धरून कण्हतो.

मला आत घेतलं ते तुझ्या नावावर. नाहीतर स्कूटरचे पोचे काढणाऱ्याला कोण विचारतो! सगळे तुझी गोष्ट सांगा म्हणतात. मीही रंगवून सांगतो. मागच्या खोलीत आग लागली, आचारी धुराने जागीच गेला, तू आत शिरून त्याची नाडी बघितलीस, मग दार लावून बोट वाचवलीस. आईने येईल त्याला ऐकवलेली गोष्ट, मला ती तोंडपाठ आहे. बाईंनी त्या दाराशी तुझ्या नावाची पितळी पाटी लावायचं ठरवलंय. उद्घाटन दहा मे रोजी. तुला यायचंच आहे.

आणि गंमत म्हणजे, तेच दार माझ्या वाट्याला आलंय. एवढं जड दार तू आत शिरताना उघडं ठेवलं होतंस की ओढून घेतलं होतंस? सहज विचारतो.

घरी सर्वांना आशीर्वाद. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


२ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून ऊर भरून आला. म्हातारीची (बोटीची म्हणतोय, वहिनींची नव्हे) कोणीतरी सेवा करतंय हे ऐकून बरं वाटलं. गंज खरवडताना नाकाला फडकं बांधत जा. तुला खोकल्याची खोड आहे.

एक सांगू का, त्या दारावर एवढी मेहनत घेऊ नका. आतला पत्रा पातळ आहे, तुझ्या हाताला स्कूटरची सवय, भोक पडायचं. वरून रंग मारला की झालं. बघायला येणारे लोक पुढच्या भागातल्या टॉर्पेडोच्या नळ्या बघतात, मागे कोणी फिरकत नाही.

दाराचं म्हणशील तर आता नीटसं आठवत नाही. पाटीची काही गरज नव्हती, पण बाईंचा आग्रह असेल तर माझ्या हुद्द्याचा उल्लेख तेवढा बरोबर असू द्या. आचाऱ्याचंही नाव खाली लहान अक्षरांत घाला. बिचारा झोपेतच गेला.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्या.

आपला,
धाकटा


२५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

दार झालं. रंगाचे सात थर होते. तुमच्या लोकांनी गंजावरच रंग फासलाय, माझ्या गॅरेजात असं करणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी हाकललं असतं. भोक मात्र पडलं नाही. स्कूटरची सवय असली तरी हात हलका आहे माझा.

सातव्या थराखाली आतल्या पत्र्याला पोचे निघाले. एकूण एकतीस. मला पाणबुडी कळत नाही आणि पराक्रम त्याहून कळत नाही, पण पोचा कळतो. कशाने बसला, कुठल्या बाजूने, मारणाऱ्याच्या अंगात जोर किती, हे मी बोट फिरवून सांगतो. पोलीससुद्धा विचारायला यायचे. हे सगळे आतून मारलेले आहेत, काहीतरी जड आणि गोल काठाचं घेऊन, डावाचा दांडा असेल किंवा तव्याची कड. पहिले नऊ खांद्याच्या उंचीवर आहेत, चांगले खोल. मग कमरेच्या. शेवटचे सहा गुडघ्याशी, इतके उथळ की उजेड तिरपा धरल्याशिवाय दिसत नाहीत. माणूस खाली बसून ठोकत होता.

माझ्या पत्रात तो जागीच गेला होता, तुझ्यात तो झोपेत गेला. झोपेत एवढं कोणी ठोकतं का रे? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं तुझं ते दार खरवडू नका सांगणं झालं.

घाबरू नकोस, कोणाला दाखवलेलं नाही. बाईंना चष्म्यातूनही रंगापलीकडे दिसत नाही. हां, एक आनंदाची बातमी राहिली. त्यांनी आचाऱ्याची बहीण शोधून काढली. ऐंशीची आहे, एकटीच असते, पण उद्घाटनाला येते म्हणाली, खास तुला भेटायला. तिला काय सांगायचं ते ठरवून ठेव.

तब्येत सांभाळ. दहा मेपर्यंत तरी सांभाळच.

तुझा,
दादा


९ एप्रिल

दादा,

तीनदा लिहून फाडलं. आता जे लिहितोय ते बायकोलाही माहीत नाही.

मी आत गेलोच नव्हतो. धूर दिसला आणि मी दार ओढून चाक फिरवलं. बावीस वर्षांचा होतो. आत कोणी आहे का हे बघितलंसुद्धा नाही. मग ठोकणं सुरू झालं. तेवढ्यात आतल्या फोनवर कॅप्टनने विचारलं, मागे कोणी राहिलंय का? मी नाही म्हणालो. का म्हणालो ते आजही सांगता येत नाही. भेदरलो होतो आणि दार न बघता लावल्याची लाज वाटली, एवढंच. एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा हो कसं म्हणणार? उघडलं असतं तर तो वाचला असता, दादा. आग लहान होती, आपोआप विझली. तो ठोकत होता तोवर मी चाक धरून उभा होतो. थांबला तेव्हा मला बरं वाटलं. हे सगळ्यात वाईट आहे आणि तेही लिहितो.

दार उघडल्यावर पहिला मी आत गेलो. तो सापडला, तेव्हा दार लावण्याआधीच नाडी बघितली होती, तो गेलेलाच होता, म्हणून नाही म्हणालो, असं सांगितलं. मग पदक मिळालं, मग आईने फोटो लावला.

माझं नाव काढायला लाव. पाटी त्याच्या नावाची होऊ दे. मी येतो आणि त्याच्या बहिणीला माझ्या तोंडाने सांगतो. नुसतं सांगितलं तर म्हातारा नम्रपणा करतोय म्हणतील, म्हणून ते पोचे तसेच ठेव. ते तिला दाखवीन. इतकी वर्षं मला एकदाही सरळ झोप लागलेली नाही. लहानपणापासून तुझ्याकडे काही मागितलं नाही, आज मागतो. मला यातून मोकळं कर.

धाकटा


२३ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. बुधवारी मी दाराचा पत्रा उतरवला, वाळूच्या पोत्यावर पालथा घातला आणि एकतीसच्या एकतीस पोचे काढले. दोन दिवस लागले. वर अस्तराचा रंग, त्यावर पांढरा. शिंपी हात फिरवून म्हणाला, आरशासारखं झालं. आयुष्यात एवढं सफाईचं काम हातून झालं नव्हतं. तुझं पत्र चहाच्या शेगडीत घातलं.

आचाऱ्याच्या म्हाताऱ्या बहिणीच्या जिवाला घोर नको म्हणून केलं, असं समजून माझं कौतुक करू नकोस. आई अकरा वर्षं अंथरुणाला होती. तू दोनदा आलास. कूस मी बदलली, भरवलं मी, आणि ती भिंतीवरच्या तुझ्या फोटोशी बोलायची. शेवटच्या वर्षी तिला मीच तू वाटायला लागलो. तुझ्या नावाने हाक मारायची, हात धरायची आणि म्हणायची, तू आलास, आता थोरला नसला तरी चालेल. मी हो आई म्हणायचो. रोज. मला कोणी मोकळं केलं नाही, धाकट्या. तुला मी का करू? खरं बोलायला तुझ्यापुढे सगळं आयुष्य पडलं होतं. आता पाटी ओतून आलीये, हुद्दा बरोबर आहे.

तरी बोलायचं असेल तर बोल. बाईंना मी सांगून ठेवलंय की धाकट्याला हल्ली भ्रम होतो, आगीचा विषय निघाला की स्वतःलाच दोष देत सुटतो, मनावर घेऊ नका. त्या हळहळल्या. म्हणाल्या, मोठी माणसं अशीच असतात.

तुझी खुर्ची पहिल्या रांगेत आहे, आचाऱ्याच्या बहिणीशेजारी. तिने बाईंना एकच मागणं कळवलंय. ज्या हाताने तिच्या भावाची नाडी बघितली, तो हात तिला थोडा वेळ धरून बसायचंय. कुठला हात, असं बाईंनी मला विचारलं. मी उजवा सांगितला.

वेळेवर ये. भावावरचा राग भावापाशीच ठेव, आणि लोभही.

तुझा,
दादा