जप्त केलेली शिडाची होडी ही टपरी नसल्याबाबत

दिनांक : ११ ऑक्टोबर २००४

प्रति,
मा. क्षेत्रीय अधिकारी,
अतिक्रमण कक्ष,
चिंचबाग क्षेत्रीय कार्यालय, पुणे.

विषय : पथकाने उचलून नेलेली शिडाची होडी मालकास परत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपली जप्ती पावती क्र. ११७, दि. ५ ऑगस्ट २००४.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज (उत्तर नाही).
३) आपले पत्र, दि. ६ ऑक्टोबर २००४ (न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर).

महोदय,

अर्जदार दिगंबर केशव नेवासकर, वय ५९, राहणार विश्रांतवाडी, याने एकोणतीस वर्षे एका कारखान्यात ओतकामासाठी लाकडी साचे बनवले. २००१ साली तेथे संगणक आले, साचे पडद्यावर तयार होऊ लागले आणि अर्जदाराने स्वेच्छानिवृत्ती घेतली. यातील स्वेच्छा व्यवस्थापनाची होती.

१. गेल्या वर्षी मे महिन्यात अर्जदार जुने सागवान पाहण्यासाठी लोणी काळभोर येथे संपतराव नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यावर गेला. तेथे म्हशी ज्या गव्हाणीत वैरण खात होत्या, ती चौदा फूट लांब, मध्ये फुगीर आणि पुढे निमुळती, म्हणजे मुळात होडी होती. अर्जदाराने विचारणा करता संपतराव म्हणाले, "कुनी साहेब बदलीवर गेला, हितंच टाकून गेला. आता जमीन बिल्डरकडं गेलीया, सोमवारी गोठा पडतोय. पायजे तर इकत घिऊन जा." अर्जदाराने फळीवर तळहात ठेवला. वरचा थर कुजला होता, आतले लाकूड जिवंत होते. अर्जदाराने होडी तिथल्या तिथे विकत घेतली. किंमत येथे नमूद करीत नाही, कारण ती पत्नीसही सांगितलेली नाही.

२. टेम्पोतून होडी उतरताना पाहून अर्जदाराची पत्नी सौ. प्रेमला यांनी एवढेच विचारले, "धरणाचं पाणी आपल्या नळाला येत नाही, म्हणून आता आपणच धरणावर जायचं का?"

त्यानंतर चौदा महिने काम चालले. नऊ फळ्या बदलल्या. मोडलेली डोलकाठी नव्याने घडवली. खिळे तांब्याचे लागतात, म्हणून कसबा पेठेतील कोंडीराम तांबट यांना गाठले. ते म्हणाले, "लोखंडी मारलेत तर दोन पावसाळ्यांत गंजतील. हे तुमच्यानंतरही राहतील." एरवी ही भाषा अर्जदाराला अशुभ वाटली असती, कारागिराकडून ऐकताना बरी वाटली. खिळे हाताने घडवलेले असल्याने यायला सात महिने लागले. शीड सौ. प्रेमला यांनी घरच्या मशीनवर शिवले. सुरुवातीचे कारण 'हॉलमधलं ते कापड एकदाचं निघू दे' हे होते. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र त्या 'तुमची होडी' न म्हणता 'आपली होडी' म्हणू लागल्या. अर्जदाराने ही बाब त्यांच्या लक्षात आणून दिली नाही.

३. होडी सोसायटीत अर्जदाराच्या स्वतःच्या पार्किंगमध्ये होती. सभासद श्री. ऋषी हे सॉफ्टवेअर कंपनीत असून त्यांना दुसऱ्या मोटारीसाठी जागा हवी होती. सबब अध्यक्ष श्री. रावसाहेब यांना सोसायटीचे सौंदर्य आठवले व तक्रार झाली. आपल्या कार्यालयाने 'विनापरवाना लाकडी शेड' म्हणून नोटीस दिली. शेड नाही असे सांगता लिपिक म्हणाले, "मग वाहन असणार. नोंदणी आणा." नोंदणीच्या खिडकीवर इंजिन क्रमांक मागितला. होडी वाऱ्यावर चालते असे सांगून, वाऱ्याची पीयूसी काढावी लागेल का, असे अर्जदाराने विचारले. "वरिष्ठांना विचारून सांगतो," असे उत्तर मिळाले. वरिष्ठांचे मत अद्याप प्रतीक्षेत आहे.

दरम्यान फळ्या फुगून सांधे घट्ट बसावेत म्हणून होडीत चार दिवस पाणी भरून ठेवावे लागले. तिसऱ्या दिवशी डासांच्या अळ्या शोधणारे निरीक्षक आले आणि साचलेल्या पाण्याची नोटीस देऊन गेले. एकाच आठवड्यात एकच वस्तू शेड, वाहन व उघडी टाकी ठरली. होडी कोणीच ठरवली नाही.

४. दि. ५ ऑगस्ट रोजी पथकाने ती उचलली. पावतीवर नोंद आहे : 'टपरी, लांबट, चाके नसलेली, नग १.' सोडवण्यासाठी फेरीवाला परवाना मागण्यात आला. 'काय विकता' या रकान्यात अर्जदाराने 'काही नाही' असे खरे लिहिले. लिपिक म्हणाले, "मग टपरी कशाला ठेवलीत?" अर्जदार पावती घेऊन घरी आला. त्या दिवशी तो जेवला नाही.

५. दि. २९ सप्टेंबरच्या दुपारी झालेला पाऊस आपणांस माहीत आहेच. नाल्यालगतच्या आपल्या गोदामात छातीइतके पाणी शिरले. दुसऱ्या दिवशी तेथील रखवालदार श्री. संभाजी पावतीवरचा पत्ता शोधत अर्जदाराच्या घरी आले. म्हणाले, "काका, सगळ्या टपऱ्या बुडाल्या, हातगाड्या बुडाल्या. तुमची तेवढी वर आली. दप्तर घेऊन मी तिच्यात बसलो, अडीच तास. तळाला हात लावून बघितलं. एक थेंब आत नाही."

अर्जदाराने हे वाक्य त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतले. शेवटी सौ. प्रेमला म्हणाल्या, "अहो, चहा तरी घेऊ द्या त्यांना." मग त्या साखर आणायला म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. साखर टेबलावरच होती.

६. अर्जदाराला आशा वाटू लागली. तोच आपले संदर्भ ३ चे पत्र आले. त्यात 'कार्यालयाची बोट' आपत्कालीन उपयोगासाठी राखून ठेवण्यात येत असल्याचे कळवले आहे. गव्हाणीची होडी करण्यास अर्जदाराला चौदा महिने लागले. टपरीची बोट आपल्या कार्यालयाने दोन महिन्यांत केली, तीही हात न लावता. याबद्दल अभिनंदन.

तरी विनंती की, होडी ताबडतोब परत मिळावी. धरणावर ती सोडण्याची परवानगी फक्त रविवार, दि. २४ ऑक्टोबर या एकाच दिवसाची आहे व पुन्हा मिळेल असे तेथील साहेबांच्या चेहऱ्यावरून वाटले नाही. पुढे कधी पूर आल्यास अर्जदार होडीसह स्वतः हजर होईल. मात्र त्या वेळी फोन करावा. नोटीस पोचेपर्यंत पाणी ओसरते.

महोदय, आपल्या रखवालदाराने ही होडी तरंगताना पाहिली आहे. अर्जदाराने व त्याच्या पत्नीने अद्याप पाहिलेली नाही.

आपला, पाचव्या अर्जातही नम्र,

(सही)
दिगंबर केशव नेवासकर

सोबत :
१) जप्ती पावतीची प्रत.
२) नोटिसा, परस्परविरोधी, नग २.
३) धरणावरील एक दिवसाची परवानगी.
४) रखवालदार श्री. संभाजी यांचा सहीनिशी जबाब. (सही करू नका असे अर्जदाराने त्यांना दोनदा सांगितले होते. कृपया त्यांच्या नोकरीस धक्का लावू नये. होडी नंतर दिली तरी चालेल.)