रुसायला दार

शुक्रवार, संध्याकाळ

ते दार काही डोक्यातून जात नाही. मोठ्या मुलांच्या कादंबरीत माझी नायिका आईशी भांडून दार आपटते. आता छोट्यांसाठी लिहितेय, तर सशाचं पिल्लूही रुसून दार लावून बसलंय. सवय, दुसरं काय!

आज शनिशिंगणापूरच्या शाळेत ती गोष्ट वाचली. दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "आमच्या घराला दार न्हाई. पडदा हाय."

"मग रुसल्यावर काय करतेस?"

"पडद्यामागं बसते. खालून पाय दिसत्यात, मग आई येती."

घरी येऊन सशाचं दार काढलं, पडदा लावला. झालं काम.

मग उगाच कादंबरी उघडली. नायिकेनं आतून कडी घातलीय. आई दाराशी आली का? ते मी लिहिलेलंच नाही.