कुंकवाखालचा गंज

आबा, मी बोलते आहे आणि तुमची पणती फोनवर टाइप करते आहे. 'बंदूक' म्हटलं की उठून खिडकी लावून घेते. "आजी, सॉफ्टली लाह," म्हणते, हळू बोल म्हणून, इथल्या पोरांच्या बोलीत. इथे सिंगापुरात घरात एक काडतूस सापडलं तरी माणूस तुरुंगात जातो, आणि मी वुडलँड्सच्या नवव्या मजल्यावर बसून तुमच्या दुनळी बंदुकीला तेल कुठलं लावायचं ते गावाला सांगते.

दादा गेला. तुमच्यामागे परवाना त्याच्या नावावर होता, म्हणून आता भाचा रोज व्हिडिओ कॉल करतो. आत्या, ठेवू की पोलीस ठाण्यात जमा करू, तू सांगशील तसं. मला काय कळतंय? नळ्या गंजल्या असतील तर दे, धड निघाल्या तर बघू, असं बोलून बसले. गंज निघाला, तोही नेमका कुंकवाच्या बोटांखाली. पोरानं दर दसऱ्याला हळदकुंकू लावलं, ओला झेंडू चढवला, आणि पुसायला काही त्याचा हात धजला नाही.

तुम्ही पुसायचात. डुकरामागून आलात की पाय धुवायच्या आधी बंदूक. अंगणात बसून ती मधून उघडता, काडतुसं काढून आईच्या सुपात ठेवता, आई सूप हिसकावून घेते. मग गजाला चिंधी बांधून नळीतून ओढता. चिंधी काळी येते, मग करडी, मग कोरी. शिवणयंत्राचं तेल थेंबभर, आणि बाहेरून बोटांचे डाग पुसायचे, घामानं लोखंड सडतं म्हणून. शेवटी नळ्या वर धरून मला डोळा लावायला सांगता. "आभाळ दिसतं का गं?" दादा शेजारीच उभा असतो, त्याला नाही विचारत. आणि दसऱ्याला त्याच संध्याकाळी कुंकू पुसता तेव्हा आई चूल सोडून बाहेर येते. "सवाष्णीच्या घरात कुंकू पुसतात होय?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "लोखंडाला घाम काय नि कुंकू काय."

मग भक्ती कुणाची खरी? पुसणाऱ्याची, की श्रद्धेनं गंजू देणाऱ्याची? आणि आभाळ मलाच का दाखवलंत? भरवसा होता म्हणून, की मुलगी उद्या बंदूक मागायची नाही म्हणून? एवढी म्हातारी झाले, अजून घोळ सुटत नाही. तेव्हाच विचारायचं, तर वाटलं, आबा कुठे जाताहेत.

भाच्याला रोज तेच करायला लावते. तेल घाल, चिंधी ओढ, नळीला फोन लाव. इथे दिवे लागलेले असतात, तिथे अजून उजेड असतो. तो विचारतो, "आत्या, दिसतंय का?" मी म्हणते, "काळं आहे रे अजून, उद्या परत पूस."

हे पाठवायचं कुठे, असं पोरगी विचारते आहे. म्हटलं, राहू दे फोनातच. आबा, नळ्या परवाच लख्ख झाल्या. आपल्या अंगणावरचं आभाळ एवढंसं, गोल दिसतं. झालं म्हटलं, तर तो दाखवायचं बंद करेल.