माझ्या ब्रेकवर दुसऱ्याचा पाय

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०
एकोणीस शिंका. मोजल्या. विसावी अर्ध्यात अडकली, ती सगळ्यात वाईट. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. ही म्हणाली, दरवर्षी याच महिन्यात होतं, ॲलर्जीच आहे, डॉक्टरला एकदा दाखवून या. शिंकांसाठी डॉक्टर? राईचा पर्वत करण्यात हिचा हात कोण धरणार.
निर्णय: स्वतःच बंदोबस्त करायचा. ज्या माणसाने बावीस वर्षं लोकांना ड्रायव्हिंग शिकवलं, एकही अपघात नाही, त्याला स्वतःचं नाक आवरता येऊ नये?

दुपारी १.१५
औषधांच्या दुकानात गेलो. काउंटरवर एक तरुण केमिस्टबाई. वय काय, ब्लड प्रेशर आहे का, लघवीला त्रास होतो का, दुसरं कुठलं औषध चालू आहे का, काम काय करता. गोळी मागितली होती, मुलीला मागणी घातली नव्हती. कामाचं विचारल्यावर म्हणालो, शिक्षक. खोटं काय त्यात? शिकवतोच.
दोन गोळ्या दाखवल्या. पिवळी: रात्री झोपताना एक, झापड येते, दुसऱ्या दिवशीही अंगात रेंगाळू शकते, त्यावर गाडी चालवायची नाही, दारू नाही, सर्दीखोकल्याचं दुसरं औषध तर मुळीच नाही. पांढरी: दिवसातून एक, झोप सहसा येत नाही, तरी पहिली गोळी सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन बघा. पांढरी मुळमुळीत वाटली. पिवळी घेतली. रंगातच दम आहे.
आतला कागद चार घड्यांचा, मुंगीएवढी अक्षरं. केराच्या टोपलीत.

४ मार्च, मंगळवार
रात्री एक घेतली. मेल्यासारखा झोपलो. सकाळी शिंका: शून्य. हिला म्हणालो, बघ. ही म्हणाली, तीनदा हाक मारली तेव्हा उठलात.
सकाळी १०. गाडीत परत सुरू. मला शिंक आली आणि गाडी शिकायला येणाऱ्या बेकरीवाल्याने दचकून स्टिअरिंगच सोडलं. माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो (शिकवण्याच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही असतो) म्हणून वाचलो. तेव्हा कळलं, न घेणंच धोक्याचं आहे. गोळीने रात्रीवर उपकार केले, मग दिवसाने काय घोडं मारलंय? डबी गाडीच्या कप्प्यात ठेवली.

५ मार्च, बुधवार
सकाळी एक, दुपारी एक. जीभ पायपुसण्यासारखी कोरडी. रस्त्यावरच्या पाट्या जरा दोन-दोन दिसतात. पाट्याच हल्ली वाईट रंगवतात.
संध्याकाळी मेहुणा आला. त्याचं स्वतःचं सर्दीचं सिरप दिलं, दोन चमचे, रामबाण. हिने लगेच चष्मा लावून बाटली वाचली. म्हणाली, अहो, गोळीत आहे तेच औषध यातही आहे, हे बघा नाव. मी म्हणालो, एका आडनावाची दोन माणसं असू शकतात. म्हणाली, हे आडनाव नाही, नाव आहे, आणि माणूसही एकच आहे.
मेहुणा हसला. माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर. बाटलीही गाडीच्या कप्प्यात हलवली. घरात आता गुप्तता उरलेली नाही.

६ मार्च, गुरुवार
आजपासून हेडबाईंचे शेवटचे धडे. निवृत्त मुख्याध्यापिका, वय एकसष्ट. बहीण दुसऱ्या गावात अंथरुणाला खिळलेली, तिकडे जाणारी बस बंद झाली, म्हणून या वयात गाडी शिकतायत. लायसन्सची परीक्षा १४ तारखेला. मी बोलतो ते सगळं वहीत उतरवून घेतात. इतकी आज्ञाधारक विद्यार्थिनी बावीस वर्षांत मिळाली नाही. एकच खोड, सारखं विचारतात: आता वळू का? आता थांबू का? आज स्पष्ट सांगितलं, मी सांगेपर्यंत सरळ जायचं, मधे काही विचारायचं नाही. त्यांनी लिहून खाली रेघ मारली.
संकल्प: उद्या हायवे. उद्यापासून गोळी फक्त रात्री.

७ मार्च, शुक्रवार. दुपारी ४
आधी घटनाक्रम. नंतर लोक आपापल्या सोयीने सांगतील.
सकाळी ९. शिंका सतरा. रात्रीचा संकल्प रात्रीपुरताच होता. एक पिवळी आणि दोन चमचे सिरप. सिरप म्हणजे गोळी नव्हे.
९.३०. हेडबाईंना हायवेवर काढलं. चौथा गिअर, छान. म्हणालो, सरळ.
१०.५०. जाग आली.
रेल्वे फाटक. समोर मालगाडी. हेडबाईंचं एक बोट माझ्या नाकाखाली. म्हणाल्या, श्वास चालू आहे ना तेवढं बघत होते. मी विचारलं, कुठे आहोत? म्हणाल्या, सरळ. सव्वा तास! मधे दोन गावं गेली, एक पूल गेला. म्हटलं, उठवलं का नाही? म्हणाल्या, विचारायचं नाही असं तुम्हीच सांगितलं होतं, मला वाटलं परीक्षा घेताय, आणि दोनदा तुम्ही हं म्हणालात.
हं म्हणालो असेन. सवय आहे.
पण शोभतं का हे? सव्वा तास माणसाला झोपू द्यायचं आणि वर टापटीप गाडी चालवायची? एकाही खड्ड्यात चाक गेलं नाही म्हणे. प्रत्येक चुकवला.
इभ्रतीचा प्रश्न होता. म्हणालो, परत मी चालवतो. म्हणाल्या, सर, तुमचे डोळे लाल आहेत. मी म्हणालो, मास्तर कोण आहे? त्या मुकाट्याने माझ्या जागेवर जाऊन बसल्या.
साधारण अर्धा तास उत्तम चालवली. मग एक चौक. मग
मग गाडी गचकन थांबली. मी थांबवली नव्हती. खाली बघितलं. माझ्या ब्रेकवर, बावीस वर्षं ज्यावर माझ्याशिवाय कुणाचा पाय पडला नाही त्या ब्रेकवर, हेडबाईंची काळी सँडल. समोर एक सायकलवाला. बंपरपासून वीतभर. तो कोण, कसा होता, नीट बघितलंच नाही. उन्हाची तिरीप होती. त्याला काही लागलं नाही. लागलं नाही हे महत्त्वाचं.
हेडबाईंनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, किल्ली. वर्गात गोट्या सापडल्यावर म्हणतात तशा. मी दिली. का दिली माहीत नाही. मागच्या सीटवर बसून परत आलो. माझ्याच गाडीत.
वाटेत गाडी कडेला थांबवून त्यांनी कप्पा उघडला. गोळ्यांची डबी वाचली, बाटली वाचली, वहीत काहीतरी लिहिलं. विचारलं, काय लिहिताय? म्हणाल्या, काही नाही, सर.

८ मार्च, शनिवार
काही नाही म्हणे! वहीचं ते पान ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांच्या टेबलावर. तारीख, वेळ, दोन्ही औषधांची नावं, शुद्धलेखनाची एक चूक नाही. ज्या हाताला मी स्टिअरिंग धरायला शिकवलं, त्याच हाताने माझा गळा धरला.
मालक माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मला मास्तर म्हणतात. ओरडले नाहीत. ओरडले असते तर भांडता आलं असतं. म्हणाले, मास्तर, डॉक्टरचं पत्र आणा, तोवर गाडीला हात लावू नका. मी गोळीवर ठपका ठेवला. म्हणाले, गोळी काय स्वतः चालत तुमच्या तोंडात गेली?

१० मार्च, सोमवार
सगळ्यात मोठा घाव घरातून. ही मला केमिस्टबाईंकडे घेऊन गेली. मला वाटलं त्यांना जाब विचारायला. दुकानात शिरल्या शिरल्या म्हणाली, हे शिक्षक नाहीत, गाडी शिकवतात. सहा ग्राहकांसमोर. घरचा भेदी म्हणतात तो हाच.
केमिस्टबाई एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. गोळी आणि सिरप शेजारी शेजारी ठेवून दोन्हींवर एकच नाव बोटाने दाखवलं. म्हणाल्या, तुम्ही दिवसाला तिप्पट-चौपट घेत होतात, तोंड कोरडं, दोन-दोन दिसणं, झापड, सगळं त्याचंच. लघवी अडकली असती, हृदयाचे ठोके वाढले असते. मग म्हणाल्या, तुम्ही खरं काम सांगितलं असतं तर मी पिवळी दिलीच नसती. म्हणजे चूक पुन्हा माझीच! औषधाच्या दुकानात सगळं मिळतं, सहानुभूती सोडून.
रस्त्यात हिला म्हणालो, तू माझ्या बाजूने आहेस की नाही? म्हणाली, आहे म्हणूनच. मग घरापर्यंत माझ्या दोन पावलं पुढेच चालली. दार उघडताना किल्ली तिच्या हातून दोनदा पडली. हिला कशाचं एवढं झालं, कळत नाही. लागलं तर कुणालाच नाही.

१२ मार्च, बुधवार
डॉक्टर. पांढरी गोळी, दिवसातून एकच. वरून सांगितलं की मागची सगळी अंगातून उतरू द्या, आठवडाभर ही गोळी घरी घेऊन बघा, झापड आली नाही तर पत्र देतो. कागद फेकू नका, वाचा. वाचला. पहिल्याच ओळीत होतं: झापड आल्यास गाडी चालवू नये. इतकं बारीक छापायचं आणि पहिल्या ओळीत लिहायचं, याला काय म्हणावं?

१४ मार्च, शुक्रवार
हेडबाई पास. एकही चूक नाही. परीक्षकांनी विचारलं, हायवेचा सराव कुणी करून घेतला? म्हणाल्या, तो मी एकटीनेच केला. मालकांनी हे मला फोन करून सांगितलं. आनंदाने.
उद्या बहिणीकडे निघणार आहेत म्हणे. सरळ रस्ताच आहे तिकडे.

१७ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६
पत्र मिळेपर्यंत मला थिअरीच्या वर्गात बसायचं आहे. मालकांचा हुकूम. वाटलं शिकवायला. नाही, बाकावर. शिकवायला हेडबाई, मालकांनी बोलावलेल्या, आठवड्यातून एक तास. नऊ शिकाऊ, दहावा मी.
विषय: औषध घेऊन गाडी चालवणे. त्यांनी एका माणसाची गोष्ट सांगितली. नाव नाही, गाव नाही. ते दोन औषधांचं एकच नाव, तो सव्वा तास. वर्ग हसला. मीही हसलो, संशय नको म्हणून. मग गोष्ट त्या चौकापर्यंत आली. म्हणाल्या, समोर सायकलवर एक माणूस होता, चाळिशीचा असेल.
नव्हता. म्हातारा होता. सत्तरीच्या पुढचा. कॅरिअरला पावाची पिशवी बांधलेली. घाबरून एका पायातली चप्पल निसटली, ती त्याने वाकून घातली, एका हाताने आमच्या बॉनेटचा आधार घेऊन. मग माझ्याकडे बघून हात जोडले. त्याला वाटलं चूक त्याची.
हे सगळं मी मनात म्हणत होतो अशी माझी समजूत होती.
नऊ माना वळल्या होत्या. हेडबाईंनी खडू खाली ठेवला आणि हळूच म्हणाल्या, बसा, सर.
तेव्हा कळलं, मी उभा होतो.