बाबांच्या जागी लहानूकाका

बाबा,

सकाळी विम्याचे डॉक्टर तपासायला आले, तर तुमच्या जागी लहानूकाका सदरा काढून बसले! म्हणे, "मीच नत्थू." मी हादरलीच. त्यांना आत ओढून विचारलं, "काहून गा काका?" तर म्हणतात, "तुह्या बापाले साखरेची बिमारी हाय, पोरी. त्याले कोन विमा देईन?"

साखरेची? आणि मी रोज तुमच्या चहात तीन चमचे घालते!

मी डॉक्टरांना खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, हप्ता जास्त पडेल, पण विमा होऊ शकतो. लपवलं असतं, तर पुढे आईच्या हाती काहीच आलं नसतं. उद्या ते परत येतील. आजसारखं मौद्याला जायचं काम काढून पळू नका.

आईला मी काही बोलली नाही. मी शाळेतून येईपर्यंत तुम्हीच सांगा.

प्रेमिला